वाचकांचे प्रश्न : ॲपचे दुकान आणि रिचार्जचा गल्ला

प्रश्न : माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र यांनी लहान मुलांना बेरीज-वजाबाकी, पाढे आणि भागाकार शिकवणारे ॲप तयार केले आहे. ते इंग्रजीतून अमेरिकेत आणि स्पॅनिश-पोर्तुगीजमधून मेक्सिको, ब्राझील वगैरे देशांत विकावे, असा त्यांचा विचार आहे. ॲप स्टोअरवर चढवले की काम झाले, असे मुलगा म्हणतो. मी सोळा वर्षे सिमकार्ड आणि रिचार्जची वितरकी केली आहे. तिथल्या मोबाइल कंपन्यांना धरल्याशिवाय ते खपणार नाही, असे मला वाटते. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : २००७ सालापर्यंत आपलेच म्हणणे बरोबर ठरले असते. अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल कंपनीने २००२ मध्ये फोनवर खेळ वगैरे विकणारी ‘गेट इट नाऊ’ ही सेवा सुरू केली, तेव्हा फोनच्या यादीत कोणता खेळ दिसावा हे कंपनी ठरवत असे आणि त्याचे पैसे महिन्याच्या बिलातच लागत. आपल्याकडेही चित्र वेगळे नव्हते. त्या काळात मी जेल रोडवरून जुने हँडसेट विकत आणून, त्यांवर एकेक करून तपासून एक छोटा जावा गेम तयार केला होता. तो एका मोबाइल कंपनीच्या यादीत यायला सात महिने लागले, आणि आल्यावर मिळकतीतला मोठा हिस्सा कंपनीनेच ठेवला. त्यामुळे आपली धास्ती मला परकी वाटत नाही.

१० जुलै २००८ रोजी ॲपलचे ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲप्स घेऊन उघडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचे अँड्रॉइड मार्केट (आजचे गूगल प्ले) आले. दुकान मोबाइल कंपन्यांच्या हातून गेले ते तेव्हा. त्यांनी ते सहजासहजी सोडले, असे मात्र नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये बार्सिलोनात जगभरातल्या २४ कंपन्यांनी मिळून ॲप्सचा एक सामाईक घाऊक बाजार उभारण्याची घोषणा केली. त्यांत अमेरिकेच्या एटी अँड टी, व्हेरायझन आणि मेक्सिकोची अमेरिका मोव्हिल होती, आपली भारती एअरटेलही होती. दोनच वर्षांत तो प्रयत्न गुंडाळला गेला. व्हेरायझनने आपले स्वतंत्र ॲप दुकान २०१३ मध्ये बंद केले. अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांनी फोनवरून पैसे देण्यासाठी मिळून काढलेल्या डिजिटल पाकिटाचे तंत्रज्ञानही २०१५ मध्ये गूगलकडे गेले. तेव्हा ॲप ठेवायचे कुठे, या प्रश्नावर आपल्या मुलाचे म्हणणे निर्विवादपणे बरोबर आहे. दुकानाचे कमिशन मूळचे ३० टक्के असले, तरी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांसाठी दोन्ही दुकानांनी २०२१ पासून ते १५ टक्के केले आहे.

पैसे घ्यायचे कसे, हा प्रश्न निराळा आहे, आणि तिथे आपला सोळा वर्षांचा अनुभव मुलाच्या कामी येईल. मेक्सिकोत बहुसंख्य ग्राहक प्रीपेड आहेत आणि पुष्कळांकडे क्रेडिट कार्ड नाही. तिथे ओक्सो नावाची किराणा दुकानांची साखळी आहे. तिची देशभर वीस हजारांहून अधिक दुकाने आहेत. ग्राहक दूध-पावासोबत काउंटरवर आपला दहा आकडी नंबर सांगतो, रोख पेसो पुढे करतो आणि पावती हातात पडेपर्यंत फोनमध्ये रिचार्ज आलेला असतो. आपण ज्या चंदेरी पट्टीच्या कूपनांच्या माळा दुकानदारांना पोहोचवत होता, त्यांचेच काम हा काउंटर करतो. तिथेच ॲप दुकानांची गिफ्ट कार्डेही टांगलेली असतात. शिवाय गूगल प्लेवर काही कंपन्यांच्या ग्राहकांना ॲपची किंमत मोबाइलच्या शिलकीतून किंवा बिलातून देता येते, म्हणजे दुकान गेले तरी गल्ल्याचा एक कोपरा कंपन्यांकडे उरला आहे. लहान रकमेचे, आठवड्याचे दर ठेवा. रिचार्जच्या हिशेबाने जगणारा माणूस वर्षभराची वर्गणी एकदम भरत नाही. ब्राझीलमध्ये मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू केलेले पिक्स आपल्या यूपीआयसारखे घरोघर पोहोचले आहे, त्यामुळे तिथला विचार वेगळा करावा लागेल.

आता एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही, पण गणिताच्या ॲपसाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भाषांतर करून ॲप चढवू नका. ब्राझीलमध्ये एक हजार पूर्णांक पाच दशांश ही संख्या १.०००,५ अशी लिहितात, तर मेक्सिकोत ती १,०००.५ अशीच लिहितात. आपले लाख-कोटींचे स्वल्पविराम दोन्हीकडे चालणार नाहीत. भागाकाराची मांडणीसुद्धा निराळी आहे : मेक्सिकोतले मूल भाज्य घराच्या आकाराच्या चौकटीत लिहिते, तर ब्राझीलमधले मूल भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडे आणि भागाकार भाजकाच्या खाली लिहिते. शाळेत शिकवतात त्याहून वेगळी मांडणी पडद्यावर दिसली, तर आई ते ॲप त्याच संध्याकाळी काढून टाकेल, आणि ते योग्यच असेल. अमेरिकेत १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करण्यास १९९८ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा मुलाचे नाव, वय, छायाचित्र काहीच विचारू नका. पाढे शिकवायला त्यांची गरजही नाही. ॲप आकाराने लहान ठेवा आणि नेटशिवाय चालू द्या.

प्रश्न : ब्राझीलमध्ये पॅक संपला तरी व्हॉट्सॲप चालू राहते, असे तिथे राहणारा भाचा सांगतो. अशी सोय आपल्याकडे का नाही?
— एक वाचिका, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, भाचा सांगतो ते खरे आहे. तिथल्या अनेक योजनांमध्ये ठरावीक ॲप्सचा डेटा मोजला जात नाही. आपल्याकडे दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये असे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. चिलीने तर २०१० मध्येच नेट समानतेचा, म्हणजे सर्व संकेतस्थळांना सारखेच वागवण्याचा, कायदा केला आणि २०१४ मध्ये फुकट सोशल मीडियाच्या योजना थांबवल्या.

ही सोय वाटते तेवढी निर्मळ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅक संपलेल्या माणसाला व्हॉट्सॲपवर बातमीचा दुवा येतो. मथळा दिसतो, पण बातमी उघडत नाही, कारण ती दुसऱ्या संकेतस्थळावर असते. खरेखोटे पाहण्याचा मार्गच बंद होतो आणि मथळा तेवढा पुढे जातो. शिवाय वरच्या प्रश्नातल्या तीन मुलांसारख्यांचे ॲप त्या फुकट यादीत कधीच नसते, म्हणजे २००२ साली कंपनीच्या हाती असलेली यादी वेगळ्या वाटेने परत येते. भारताने घेतलेला निर्णय मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

प्रश्न : मुलगी शिक्षणासाठी टोरंटोला निघाली आहे. सुरक्षितता म्हणून तिने दोन सिमकार्डे घ्यावीत का? कोणती?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : घ्यावीत, पण नावे पाहून फसू नये. कॅनडात रॉजर्स, बेल आणि टेलस या तीन मोठ्या कंपन्या आहेत आणि फिडो, व्हर्जिन प्लस, कूडो ही अनुक्रमे त्यांचीच स्वस्त नावे आहेत. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्सची यंत्रणा देशभर कोलमडली, तेव्हा फोन तर बंद पडलेच, शिवाय इंटरॅक या तिथल्या देयक यंत्रणेची डेबिट कार्डे दुकानांत चालेनाशी झाली आणि अनेकांना ९११ हा आपत्कालीन क्रमांकही लागेना. रॉजर्स आणि फिडो अशी दोन कार्डे घेणाऱ्याचे दोन्ही फोन त्या दिवशी मुके झाले असते. म्हणून दुसरे कार्ड बेल किंवा टेलसच्या घरातले असावे. इथला नंबर बंद करू नये, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्यापूर्वी त्यावर रोमिंग सुरू करून घ्यावे आणि पर्समध्ये वीस-तीस डॉलर रोख ठेवावेत.