फोन कुणाच्या घरात वाजतो?

तुझा मेल काल रात्री तीनदा वाचला. त्यात 'स्केल' हा शब्द सात वेळा आहे, मोजला मी. क्रूझवाल्यांचा एजंट म्हणतो बोट लागेल त्या दिवशी चार बस भरून माणसं आणतो, डॉमिनिका बेटावरच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे कॅलिनागोंच्या टेरिटरीत दोन तास फिरवतो, टोपल्या खपतील, कसावाची भाकरी खपेल, पैसे महिनाअखेरीला खात्यात. आणि तुला कळत नाहीये सही करायची की नाही. अगं, बस राहू देत, मला एवढंच सांग की बुकिंगचा फोन कुणाच्या घरात वाजणार?

राजधानीत, रोझोच्या ऑफिसात वाजणार असेल तर धंदा रोझोचा. गाव नुसतं शोकेस.

काकांचं परत सुरू झालं म्हणशील, म्हण.

त्रिनिदादला मतुराच्या किनाऱ्यावर एके काळी कासवं सर्रास मारायचे. 1990 मध्ये गावातल्याच लोकांनी 'नेचर सीकर्स' काढून रात्रीची गस्त सुरू केली. मार्च ते ऑगस्ट परमिटशिवाय तिथे जाता येत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा लाल बॅटरीच्या उजेडात तीन-चारशे किलोची लेदरबॅक कासवीण मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी ओंजळ ओंजळ वाळू काढत होती, आमच्या तोंडावर उडत होती, आणि गावचा गाईड आमच्यातल्या एका बड्या साहेबाला दबक्या आवाजात म्हणाला, फ्लॅश मारलास तर सरळ गाडीत जाऊन बसायचं. साहेब गप्प! पाहुण्याला असं 'नाही' म्हणता येतं ते ट्रेनिंग देऊन नाही गं येत, पाहुणा आपला असला की येतं. एजंटच्या बसमधल्या माणसाला तुझा गाईड काय सांगणार?

आता माझं ऐक. एका गावात, नाव नको, नऊ घरं होमस्टेला तयार केली, गाद्या, मच्छरदाण्या, संडास, सगळं. बुकिंगचा फोन मात्र माझ्याकडे, त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला. तात्पुरता. तो तात्पुरता सहा वर्षं चालला. मग बायपाससाठी चार महिने पुण्याला आलो. परत गेलो तर टँटीनं (तिकडे मावशीला टँटी म्हणतात) स्पायरलची वही पुढे केली, दर शनिवारची तारीख आणि पुढे 'चादर बदलली' अशी टिक. सतरा टिका. माणूस एकही नाही. चिडली नाही ती, फक्त विचारलं, फोन बिघडला होता का?

आता तू म्हणशील मग दिला का नाही. अगं तेव्हा गावात लाइन धड नव्हती, पाऊस पडला की बंद, आणि पाहुण्यांना उत्तर एका दिवसात लागतं, मी नसतो तर पहिल्या वर्षीच गाशा गुंडाळला असता. हे खरंच आहे. पण तिसऱ्या वर्षी लाइन नीट झाली होती, हेही खरं. तो वाजलेला मला आवडायचा, झालं.

आणि 'महिनाअखेरीला' हा शब्द तुला खटकला कसा नाही? कॅलिनागोंची जमीन, 1903 पासूनची ती 3,700 एकर, सगळ्यांची सामायिक आहे. कुणा एकाला विकता येत नाही, म्हणून बँकेत गहाणही ठेवता येत नाही. चांगलंच आहे ते, नाहीतर आत्तापर्यंत तिथे रिसॉर्ट असतं. पण मग लारूमाचा बोरू सोलून टोपली विणणाऱ्या बाईला भांडवल कुठून? पाहुण्याचा ॲडव्हान्स, बास. तोच एजंटच्या खात्यात महिनाभर बसला तर ती उधारीवर तुझा प्रोजेक्ट चालवतेय.

सही करू नकोस असं नाही म्हणत मी. त्याला सांग एकच बस, निम्मे पैसे आधी, आणि दिवस गाव ठरवणार. कुरकुरेल, कुरकुरू दे. काय म्हणाला ते लगेच कळव.

आणि सध्या तो फोन तुझ्याच खोलीत आहे ना? उद्या नेऊन दे. चार्जरसकट.