लिनक्सवर डीव्हीडी राइट करणाऱ्या प्रोग्रॅमने ड्राइव्हशी एसआर० मधून बोलावं की एसजी० मधून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विश्रामबागच्या फोटो स्टुडिओसाठी लग्नाच्या डीव्हीडी राइट करणारा छोटा सी प्रोग्रॅम लिहिलाय, ड्राइव्ह यूएसबीचा आहे. साध्या यूजरने चालवला की परवानगी नाकारली जाते. सुडोने (म्हणजे रूट या सर्वाधिकारी यूजरच्या हक्कांनी) चालतो, पण अधूनमधून डिस्क मध्येच वाया जाते.

एसआर० मधूनच बोला. एसआर० (/dev/sr0, सीडी-डीव्हीडीचं नेहमीचं डिव्हाइस) आणि एसजी० (/dev/sg0, कच्च्या कमांड पाठवायचं सर्वसाधारण डिव्हाइस) ही दोन्ही नावं एकाच ड्राइव्हची असली तरी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लेखी ते दोन वेगळे दरवाजे आहेत. एका दरवाजाला लावलेली कडी दुसऱ्याला लागत नाही. तुमच्या वाया गेलेल्या डिस्कचं मूळ मला इथेच दिसतंय.

ड्राइव्ह आयडीई असो, साटा असो की यूएसबी, त्याला एमएमसी या कमांड-संचाची भाषा कळते, आणि त्या कमांड तुमच्या प्रोग्रॅमनेच बनवायच्या असतात. कर्नल त्या एसजी-आयओ या आयऑक्टलमधून (डिव्हाइसला थेट विनंती करायच्या सिस्टिम कॉलमधून) जशाच्या तशा पोचवतो. २.४ कर्नलच्या काळात आयडीई रायटरसाठी आयडीई-स्कझी मॉड्यूल लावून एसजीतून जावं लागायचं. २.६ पासून हीच आयऑक्टल थेट ब्लॉक डिव्हाइसवर, म्हणजे एसआर० वर, चालते. जुन्या लेखांत एसजी० दिसतं ते बहुतेक त्या काळातलं.

डिव्हाइस उघडताना तीन फ्लॅग एकत्र द्या: ओ-आरडीडब्ल्यूआर (वाचन-लेखन), ओ-एक्सक्ल (एकट्याचा ताबा) आणि ओ-नॉनब्लॉक (डिस्कची वाट न बघता उघडणं). नॉनब्लॉक नसेल तर ट्रे रिकामा असताना उघडणंच फसतं. एक्सक्लमुळे डिस्क आधीच माउंट (वाचायला जोडलेली) असेल तर तुम्हाला ईबिझी (‘डिव्हाइस व्यस्त’ ही एरर) मिळतो, आणि तुम्ही राइट करत असताना डेस्कटॉप ती माउंट करू शकत नाही. शिवाय ‘डिस्क बदलली का’ हे बघायला कर्नल ठराविक वेळाने ड्राइव्हला विचारत असतो. एसआर हे डिव्हाइस एक्सक्ल आणि लेखन अशा दोन्ही हक्कांनी उघडलं, की ती विचारणा थांबते. एसजीतून गेलात तर थांबत नाही, आणि राइट चालू असताना मध्येच दुसऱ्याच कमांड ड्राइव्हवर येऊन पडतात. काही ड्राइव्ह ते निभावून नेतात, काही तिथेच लेखन तोडतात. एक लक्षात ठेवा, एक्सक्ल हा सामंजस्याचा करार आहे. जो प्रोग्रॅम हा फ्लॅग न लावता एसआर उघडतो, त्याला कोणी अडवत नाही.

आता परवानगी. सुडो हा यावरचा इलाज नव्हे. २.६.८ पासून कर्नल कमांड गाळून घेतो. वाचायच्या कमांड कुठल्याही हँडलवर (उघडलेल्या डिव्हाइसवर) चालतात. लिहायच्या कमांडना (राइट-१०, ब्लँक, क्लोज ट्रॅक वगैरे) हँडल लेखनासाठी उघडलेलं लागतं. कर्नलच्या यादीत नसलेल्या, म्हणजे कंपन्यांच्या खास कमांडना रॉ-आयओचा (हार्डवेअरशी थेट बोलण्याचा) हक्क लागतो. तेव्हा आधी यूजर सीडीरॉम ग्रुपमध्ये आहे का बघा, मग ओपनचे फ्लॅग, आणि तरीही अडलं तर नेमकी कुठली कमांड नाकारली गेली ते लॉग करा. पहिल्या दोनांतच काम होईल असा माझा अंदाज आहे.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट अशी की आयऑक्टलने शून्य परत दिलं म्हणजे कमांड यशस्वी झाली असं नाही. ती फक्त पोचली. आयऑक्टलला दिलेल्या हेडरमधला स्टेटस, होस्ट स्टेटस आणि ड्रायव्हर स्टेटस तिन्ही तपासा, आणि स्टेटस ०२ असेल तर सेन्स बाइट (काय बिघडलं ते सांगणारे कोड) वाचा. ०२/०४/०८ आलं तर ती चूक नाही, ड्राइव्हचा बफर भरलाय एवढंच. थोडे मिलिसेकंद थांबून तीच कमांड पुन्हा द्या. ०६/२८ म्हणजे डिस्क बदलली असावी. ०३/७३/०३ म्हणजे लेसरची ताकद जुळवता आली नाही, तेव्हा डिस्क किंवा ड्राइव्हची लेन्स बघा, कोड उकरत बसू नका.

टाइमआउट मिलिसेकंदात असतो आणि शून्य ठेवलात तर कर्नल ६० सेकंद धरतो. डिस्क क्लोज करायला याहून जास्त वेळ लागू शकतो. वेळ संपली की कर्नल कमांड रद्द करायला जातो, प्रसंगी ड्राइव्ह रीसेट करतो, आणि शेवटच्या मिनिटाला डिस्क जाते. २०० सेकंद ठेवा, किंवा इमीडिएट बिट लावून (म्हणजे कमांड लगेच परतते, काम मागे चालू राहतं) ‘टेस्ट युनिट रेडी’ या कमांडने ड्राइव्ह तयार झाला का ते विचारत राहा.

एका राइट-१० मध्ये १६ ब्लॉक, म्हणजे ३२ केबी पाठवा. डीव्हीडीचा १एक्स वेग सेकंदाला १,३८५ केबी, म्हणजे ८एक्सला साधारण ११ एमबी. यूएसबी २.० ला ते सहज झेपतं. बफर रिकामा पडला तरी आजचे ड्राइव्ह थांबून पुढून जोडून घेतात, त्यामुळे रिअल-टाइम प्रायॉरिटीसाठी रूट मागायचं कारण उरत नाही. लाईट गेली तर मात्र ही जोडणी उपयोगाची नाही. लग्नसराईत मशीन यूपीएसवरच ठेवा.

विंडोजवर तत्त्व हेच आहे. तिथे एसपीटीआय हा इंटरफेस कमांड पोचवतो, किंवा व्हिस्टापासून आलेली आयमॅपी २ ही डिस्क राइट करायची सोय सगळंच सांभाळते. खरं सांगायचं तर स्टुडिओचं काम उरकायचं असेल तर लिबबर्न ही तयार लायब्ररी वापरा, वरचं बहुतेक त्यात आधीच केलेलं आहे.

पडताळणी करताना ट्रे बाहेर काढून पुन्हा आत घ्या, नाहीतर कर्नलकडे कोऱ्या डिस्कचाच आकार राहतो. चपट्या यूएसबी ड्राइव्हचा ट्रे आपणहून आत जात नाही, म्हणून प्रोग्रॅमने तिथे थांबून माणसाला सांगितलं पाहिजे. आणि चेकसम (डेटा तोच आहे का ते तपासायचा आकडा) काढताना आयएसओच्या, म्हणजे राइट केलेल्या मूळ फाइलच्या, आकाराइतकेच बाइट वाचा, कारण डीव्हीडीवर शेवटी ३२ केबीच्या पटीपर्यंत शून्यं भरलेली असू शकतात.