ओपन सोर्स डेस्कटॉपवर काम करणारे लोक दिवसभर नेमकं करतात काय?

तुम्ही विचारलंय की नागपुरात बसून लिनक्स या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रणालीच्या डेस्कटॉपवर, म्हणजे खिडक्या, मेनू, फाइली दाखवणाऱ्या भागावर, काम करणारा डेव्हलपर दिवसभर काय करतो, त्याचे पैसे मिळतात का, आणि सगळं जग मोबाईलवर गेलेलं असताना हा उपद्व्याप कशाला.

पैशाचं आधी सांगून टाकतो, कारण लग्नाकार्यात मला पहिला प्रश्न तोच येतो. मला मिळत नाहीत. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, तिथे एका कंपनीचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो. पण हे काम फुकटच करावं लागतं असंही नाही. रेड हॅट, सुसे, कॅनॉनिकल या कंपन्या त्यासाठी पगारी माणसं ठेवतात. जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने २०२३ मध्ये ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपला १० लाख युरो दिले. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी २००५ पासून गूगल समर ऑफ कोड आहे आणि त्यात मानधन मिळतं. बाकी आमच्यासारखे बरेच जण सकाळ-रात्रवाले.

वेळापत्रक बरंचसं युरोप ठरवतो. तिकडची मंडळी सकाळी नऊला कामाला बसतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. म्हणजे माझ्या कोडवरचे शेरे मी ऑफिसात असताना येतात आणि उत्तरं रात्री जेवणानंतर जातात. मे महिन्यात तर रात्रीच बरी. पारा ४५ वर असताना दुपारी पूर्ण बिल्ड लावला (म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवायला घेतला) की प्रोसेसर तापून आपोआप मंदावतो, आणि लॅपटॉप कूलरपुढे ठेवायची सोय नाही, कारण त्या हवेत पाणी असतं. त्यात लाईन गेली की वायफायही गेलं.

आता काम. कोड लिहिणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. बहुतेक वेळ वाचण्यात जातो. लोक बग नोंदवतात, आणि अर्ध्या नोंदींचा मजकूर 'अपडेटनंतर चालत नाही' एवढाच असतो. मग विचारायचं: कोणती आवृत्ती, कोणतं डिस्ट्रो (लिनक्सचा कोणता अवतार), एक्स११ की वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवायच्या दोन पद्धती), नेमकं काय केल्यावर बंद पडतं? क्रॅशचा बॅकट्रेस (प्रोग्रॅम कुठे कोसळला त्याचा माग) पाठवतात तर डीबग सिम्बॉल (कोडमधली नावं) नसल्यामुळे त्यात नुसती प्रश्नचिन्हं. हाच बग आधी कोणी नोंदवलाय का, ते शोधायचं. कालपर्यंत चालणारी गोष्ट आज बिघडली असेल तर गिट बायसेक्ट हा शोधक लावायचा. तो दर वेळी उरलेल्या कमिटांचे (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांचे) दोन भाग करून मधला तपासायला देतो, त्यामुळे हजार कमिट असले तरी दहाएक चाचण्यांत गुन्हेगार सापडतो. अर्थात प्रत्येक चाचणीला नवा बिल्ड, आणि बाहेर मे महिना.

एक बग मात्र सविस्तर सांगतो. काटोलकडच्या एका पतसंस्थेत जुन्या कॉम्प्युटरांवर मी लिनक्स बसवून दिलं होतं. तिथल्या काकूंचा फोन आला, "अरे, शेतकऱ्यांची यादी समोर दिसून राहिली, आणि शोधलं की हे म्हणते सापडत नाही. काऊन?"

गोम 'शेतकऱ्यांची' मधल्या अर्ध्या र मध्ये होती. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ असतो (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीत क्रमांक ०९३१, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'जे'), त्यापुढे हलंत आणि मग य. दुसरीत साधा र (०९३०), हलंत आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. यादीच्या फाइलचं नाव कोणाच्या तरी फोनवरून एका तऱ्हेने आलेलं आणि काकू टाइप करत होत्या दुसऱ्या तऱ्हेने.

कोणी म्हणेल, युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करून घ्या. तिथेच घोडं अडतं. ते ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे करतं, पण जोडचिन्हवाल्या रूपाशी त्याची सांगड घालत नाही. मग एकाने सुचवलं की शोधताना सगळीच जोडचिन्हं गाळून टाकू. पण कुटुंबाचा इमोजी त्याच चिन्हाने जोडलेला असतो, आणि र पुढचं चिन्ह गाळलं तर अर्ध्या र चा थेट रफार होतो. आचाऱ्यांना शोधायला जावं आणि आचार्यांना घेऊन यावं, असला प्रकार.

शेवटी ठरलं ते एवढंच: फक्त शोधताना, आणि फक्त र-हलंत-जोडचिन्ह हा क्रम, ऱ-हलंतच्या बरोबरीचा मानायचा. फाइलच्या नावाला हात लावायचा नाही. कोड दहा-बारा ओळींचा, चर्चा मात्र लांबलचक. माझा कोड तपासणाऱ्या जर्मन बाईंना देवनागरी वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी चाचण्या मागितल्या. मी 'दऱ्या' दोन्ही तऱ्हांनी लिहून जुळायलाच हवा अशी एक दिली, आणि 'दर्या' अजिबात जुळता कामा नये अशी दुसरी. या दुसऱ्या चाचणीवर त्या खूश झाल्या. माझ्या मते चांगला रिव्ह्यूअर असाच असतो: भाषा येत नाही, पण काय विचारायचं ते बरोबर कळतं.

दुरुस्ती स्वीकारली गेली म्हणजे ती काकूंपर्यंत पोचली, असं नाही. त्यांच्याकडे डेबियन हे डिस्ट्रो आहे, आणि त्याची नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. तोवर त्यांना सांगून ठेवलंय की नुसतं 'शेतक' टाइप करा.

तिसरा प्रश्न, कशाला. पतसंस्था, शाळा, दुकानं इथलं काम अजून कीबोर्ड आणि प्रिंटरवरच चालतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे धडधाकट मशीनसुद्धा एका दिवसात जुनी ठरली. (योगायोग म्हणजे मॅथियास एट्रिखने केडीई या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपची घोषणा केली तीही १४ ऑक्टोबरलाच, १९९६ साली. तेव्हा त्याची तक्रार होती की प्रत्येक प्रोग्रॅमचा तोंडवळा वेगळा.) शिवाय देवनागरीची दुखणी आपल्यालाच दिसतात. जोडाक्षराच्या मधोमध कर्सर थांबू नये, हा नियम युनिकोडच्या अक्षर तोडण्याच्या मूळ नियमांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. तोवर त्या नियमांप्रमाणे 'क्ष' चे दोन तुकडे पडायचे.

वैताग कशाचा येतो? बगांचा नाही, 'एक पर्याय देऊन टाका ना' या मागणीचा. सेटिंगमधला प्रत्येक नवा चौकोन पुढची कित्येक वर्षं कोणीतरी तपासत बसतं. मी बहुतेकदा नाही म्हणतो आणि शिव्या खातो. आयकॉन बदलले की लोक घर डोक्यावर घेतात, त्याची आता सवय झाली.

तुम्हाला यात यायचं असेल तर कोडपासून सुरुवात करू नका, रोज वापरता त्या प्रोग्रॅममधला मराठीचा एक बग नोंदवा. 'मराठी नीट दिसत नाही' असं मोघम नको. फॉन्ट, कीबोर्ड लेआउट आणि आवृत्ती लिहा, आणि बिघडलेला शब्द कॉपी करून चिकटवा. नुसता स्क्रीनशॉट पाठवलात तर जोडचिन्ह आहे की नाही ते आम्हाला कळणार नाही.