नाउन क्लॉज ओळखता येतो, पण वाक्यात त्याचं काम काय हे कसं ठरवायचं?

तुम्हाला नाउन क्लॉज, म्हणजे मोठ्या वाक्यात नाउनचं काम करणारं छोटं वाक्य, सापडतोय, पण तो सब्जेक्ट की ऑब्जेक्ट की कॉम्प्लिमेंट इथे गाडी अडतेय ना? मी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो, निम्मी मुलं इथेच अडतात.

आधी मेन व्हर्ब पकडा, बाकी सगळं नंतर. 'व्हॉट ही सेड सरप्राइज्ड मी' यात व्हर्ब दोन आहेत, पण 'सेड' हे क्लॉजच्या पोटातलं, मेन आहे 'सरप्राइज्ड'. आता अख्खा क्लॉज उचलून तिथे 'समथिंग' ठेवा. 'समथिंग सरप्राइज्ड मी', म्हणजे सब्जेक्ट. 'आय नो दॅट ही इज लाइंग' चं झालं 'आय नो समथिंग', ऑब्जेक्ट. 'इट डिपेंड्स ऑन हाऊ मच यू स्टडी' मध्ये 'समथिंग' हे 'ऑन' च्या मागोमाग आलं, म्हणून ऑब्जेक्ट ऑफ प्रेपोझिशन.

क्लासमध्ये एक ट्रिक सर्रास सांगतात, व्हर्बला 'काय?' विचारा आणि उत्तर मिळालं की ऑब्जेक्ट लिहा. मला ती अजिबात आवडत नाही, कारण 'द ट्रबल इज दॅट वी हॅव नो मनी' इथेही 'काय?' ला उत्तर मिळतं आणि मुलं डोळे झाकून ऑब्जेक्ट लिहून मोकळी होतात. इज, वॉज, सीम्स अशा व्हर्बनंतर येऊन सब्जेक्टबद्दलच सांगतो तो कॉम्प्लिमेंट.

खरी गंमत अपोझिशनमध्ये आहे, म्हणजे क्लॉज शेजारच्या नाउनचंच दुसरं नाव असतो तिथे. 'द न्यूज दॅट ही रिझाइन्ड वॉज फॉल्स' आणि 'द न्यूज दॅट ही गेव्ह मी वॉज फॉल्स', दिसायला जुळी भावंडं, पण पहिल्यात 'दॅट' काढलं तरी 'ही रिझाइन्ड' हे स्वतः पूर्ण वाक्य उरतं आणि बातमी काय तर हीच, म्हणून तो नाउन क्लॉज, 'न्यूज' शी अपोझिशनमध्ये. दुसऱ्यात उरतं 'ही गेव्ह मी', काय दिलं ते गायब, कारण ते काम 'दॅट' च करत होतं. तो ॲडजेक्टिव्ह क्लॉज, म्हणजे कुठली 'न्यूज' ते सांगणारा, तिथे नाउन क्लॉजचं काम शोधतच बसू नका.

'व्हेन' बघून पण फसू नका हं. 'आय नो व्हेन ही केम' मध्ये ऑब्जेक्ट आहे, पण 'आय वॉज अस्लीप व्हेन ही केम' मध्ये 'आय वॉज अस्लीप समथिंग' असं काहीतरी विचित्र होतं, म्हणजे तो ॲडव्हर्ब क्लॉज, नुसतं कधी ते सांगणारा.

आणि 'इट इज क्लिअर दॅट ही लाइड'? इथे खरा सब्जेक्ट शेवटी ढकललाय, 'इट' नुसतं जागा अडवून बसलंय. जुन्या ग्रामरच्या पुस्तकांत याला 'इट' शी अपोझिशन म्हणतात, त्यामुळे परीक्षेत तुमच्या पुस्तकात असेल तेच लिहा, उगाच मार्कांसाठी भांडण नको.

'आय ॲम शुअर दॅट ही विल कम' इथे मात्र 'समथिंग' नुसतं बसत नाही, 'शुअर ऑफ समथिंग' करावं लागतं. तरी तो नाउन क्लॉजच, 'शुअर' या ॲडजेक्टिव्हचा कॉम्प्लिमेंट, म्हणजे इथे सब्जेक्टबद्दल सांगणारा नाही, 'शुअर' चा अर्थ पुरा करणारा.