नर्सने संशोधन करायचे म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझी मुलगी नागपुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला आहे. अधिपरिचारिकेची सरकारी भरती निघाली की तिने अर्ज भरावा, अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. ती मात्र म्हणते की मला एम.एस्सी. करून गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणींच्या आरोग्यावर संशोधन करायचे आहे. लेबर रूमला पोस्टिंग असताना तिने एक अख्खी वही टिपणांनी भरली आहे. संशोधन हे डॉक्टरांचे काम ना? नर्सने संशोधन करायचे म्हणजे नेमके काय, आणि त्यावर पोट भरते का?
– एक वडील, नंदनवन, नागपूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या घरात ज्या गोष्टीवरून वाद सुरू आहे, तिचा अर्धा भाग प्रवेशाच्या नियमानेच निकालात निघतो. एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेण्यासाठी बी.एस्सी.मध्ये किमान ५५ टक्के गुण आणि त्यानंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे मुलीने उद्या कितीही हट्ट धरला तरी पदवीनंतरचे पहिले वर्ष तिला नोकरीतच काढावे लागेल. माझे मत विचाराल तर एक नव्हे, दोन-तीन वर्षे काढावीत, आणि ती शक्यतो प्रसूतिकक्षातच काढावीत. त्यामुळे भरतीचा अर्ज तिने जरूर भरावा. पण तो ‘संशोधनाचे खूळ डोक्यातून जावे’ म्हणून नव्हे, तर ज्या विषयावर तिला काम करायचे आहे तो विषय तिथेच रोज डोळ्यांसमोर घडत असतो म्हणून.

आता आपला मुख्य प्रश्न. संशोधन हे डॉक्टरांचे काम, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की नर्सिंगच्या विद्यार्थिनीही ती बिनतक्रार मान्य करतात. ज्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने त्या शपथ घेतात, तिने लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुरू केलेला प्रसूतिकक्ष बाळंतज्वराने होणाऱ्या मृत्यूंमुळे १८६७ मध्ये बंद करावा लागला होता. ती हळहळून थांबली नाही. ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांतील आणि घरच्या बाळंतपणांतील मातामृत्यूंचे आकडे तिने गोळा केले, त्यांची तुलना केली आणि १८७१ मध्ये ती प्रसिद्ध केली. हातात दिवा घेतलेले तिचे चित्र सर्वांना ठाऊक असते. हातातले तक्ते फारसे कोणी दाखवत नाही.

नर्सचे संशोधन डॉक्टरांच्या संशोधनापेक्षा कमी दर्जाचे नसते, त्याची जागा वेगळी असते. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत आणि पुढचे काही तास बाईजवळ सर्वाधिक वेळ कोण असते, तर सिस्टर. एक उदाहरण थोडे विस्ताराने देतो. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे जगभर एक प्रमुख कारण आहे. रक्त किती गेले याचा अंदाज मात्र नुसत्या नजरेने घेतला जातो, आणि कपड्यांत, कापसात, लादीवर गेलेले रक्त नजरेला सहसा कमीच वाटते. बेळगावच्या संशोधकांनी ग्रामीण भागात एक चाचणी केली, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. १६२० स्त्रियांच्या या चाचणीत बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाची गोळी देणे आणि रक्त मोजणे हे काम गावपातळीवरच्या नर्सबाईंनी, म्हणजे ए.एन.एम. सिस्टरनी केले. बाळ बाहेर आल्यावर बाईखाली एक मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी पसरायची आणि तिच्यात जमलेले रक्त वाचायचे, इतकी साधी ती मोजणी होती. ही गोळी न मिळालेल्या स्त्रियांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्के होते, मिळालेल्यांत ६.४ टक्के. पुढे २०२३ मध्ये आफ्रिकेतील चार देशांतल्या ८० रुग्णालयांत अशाच खुणांच्या पिशवीने रक्तस्राव लवकर ओळखून ठरावीक उपचार एकदमच सुरू करण्याची पद्धत तपासली गेली, तेव्हा तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. औषधे बहुतेक जुनीच होती. फरक मोजण्याने आणि वेळ न दवडण्याने पडला, आणि या दोन्ही गोष्टी खाटेजवळ उभ्या असलेल्या सिस्टरच्या हातातल्या आहेत.

दुसरे उदाहरण खुद्द नर्सच्याच नावावर आहे. टोरांटो विद्यापीठातील नर्सिंगच्या प्राध्यापक एलेन हॉडनेट यांनी एक साधा प्रश्न धरून वर्षानुवर्षे काम केले : कळा देणाऱ्या बाईजवळ सतत कोणी धीर देणारे असेल तर काय फरक पडतो? या प्रश्नावरील चाचण्या एकत्र तपासणारा आढावा त्यांनी सुरू केला; त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत २६ चाचण्यांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती आहे, आणि अशा सोबतीमुळे सिझेरियनचे प्रमाण कमी होते असा तिचा निष्कर्ष आहे. आपल्या आजीला हे सांगितले तर ती म्हणेल, यात नवीन काय? पण आजीचे म्हणणे धोरणात उतरत नाही, मोजलेले उतरते. आपल्याकडे सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. प्रत्यक्षात एका खाटेला लागून दुसरी खाट असलेल्या कक्षात ती सोबतीण कुठे उभी राहणार, इतर बायकांच्या आडोशाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तो एखाद्या नागपूरच्या मुलीनेच सोडवायला हवा.

नागपूरचे नाव मी उगाच घेत नाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे आणि सिकलसेल असलेल्या स्त्रीचे गरोदरपण जोखमीचे असते. तिला घरी काय सांगायचे, कोणत्या लक्षणावर तिने तडक रुग्णालय गाठायचे, हे शिकवण्याचे काम बहुतांशी परिचारिकेकडे येते. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण ३३ होते, देशाचे ९७. ही आपल्या राज्याची मोठी कमाई आहे; पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत याच राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जीव वाचला, प्रकृतीचे काय, हा यापुढचा प्रश्न आहे. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून दहा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. आपल्याकडची बाळंतीण मात्र ‘मी उदास आहे’ असे सहसा म्हणत नाही. ‘जीव घाबरते’, ‘कशातच मन लागत नाही’ असे म्हणते आणि मान खाली घालते. तिच्या तोंडचे हे शब्द प्रश्नावलीच्या कोणत्या घरात बसवायचे, हे वऱ्हाडी-नागपुरी कानाला जितके कळेल तितके भाषांतरकाराला कळणार नाही. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार आढळले होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे हा बाईचा भोगच, असे मानणाऱ्या गावांत स्त्रियांना बोलते केल्यावर हे आकडे हाती आले.

आता त्या वहीविषयी. ती तिने जपावी, पण एक सावधगिरी आजच घ्यावी. वहीत रुग्णांची नावे, पत्ते, केस पेपरचे क्रमांक असतील तर ते खोडून टाकावेत. नीतिमत्ता समितीची परवानगी आणि त्या स्त्रीची समजून-उमजून दिलेली संमती असल्याशिवाय अशा नोंदी ‘माहिती’ म्हणून वापरता येत नाहीत, मग हेतू कितीही चांगला असो. वहीचा उपयोग प्रश्न सुचण्यासाठी आहे, उत्तर देण्यासाठी नाही. हा फरक तिला आताच कळला तर पुढची दोन वर्षे वाचतील.

पुढची वाट साधारण अशी. एम.एस्सी.ला तिने प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या ही शाखा घ्यावी. समुदाय आरोग्य परिचर्या हाही तिच्या आवडीला जवळचा पर्याय आहे. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात प्रबंध लिहावा लागतो, आणि इथे मला थोडे कडवट बोलणे भाग आहे. आपल्याकडे ढीगभर प्रबंध एकाच साच्याचे असतात : साठ मातांना एक प्रश्नावली द्यायची, तासभर माहिती सांगायची, पुन्हा तीच प्रश्नावली द्यायची आणि ‘ज्ञानात लक्षणीय वाढ झाली’ असे लिहून मोकळे व्हायचे. तासाभरापूर्वी सांगितलेले कोणालाही आठवेल. घरी गेल्यावर ती माता वेगळे काय करते, हे कोणी पाहत नाही. त्यामुळे महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा मार्गदर्शक कोण आहेत आणि त्यांचे स्वतःचे काय प्रसिद्ध झाले आहे, याची चौकशी करावी. संख्याशास्त्राशी तिची मैत्री हवी आणि इंग्रजीत नेटके लिहिता यायला हवे. नर्सिंगमध्ये पीएच.डी. आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून करता येते, नर्सिंग पीएच.डी.साठीच्या संस्थांच्या राष्ट्रीय संघातर्फेही करता येते.

पोट भरण्याबाबत खरे तेच सांगतो. नुसत्या संशोधनावर जगणाऱ्या परिचारिका आपल्या देशात थोड्या आहेत. बहुतेक जणी नर्सिंग महाविद्यालयात शिकवतात किंवा रुग्णालयात नोकरी करतात आणि त्याच्या जोडीने संशोधन करतात. प्रकल्पांवरील पदे असतात, पण ती कंत्राटी. प्रकल्प संपला की पद संपले. असे असले तरी नागपूरसारखे ठिकाण या विषयाला क्वचित मिळेल. शहरात मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालये व खास स्त्रियांसाठीचे डागा रुग्णालय आहे, मिहानला एम्स आहे, आणि लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन ही संस्था माता व बालकांच्या आरोग्यावरील आंतरराष्ट्रीय संशोधन जाळ्यात अनेक वर्षे सहभागी आहे. वैद्यकीय महाविद्यालय असलेले सेवाग्राम पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. घर न सोडता इतके सगळे हाताशी असणे मुंबई-पुण्याबाहेर फार थोड्या मुलींच्या वाट्याला येते.

तेव्हा सरकारी भरतीचा आणि एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेचा, असे दोन्ही अर्ज तिने भरावेत. नोकरी कायम स्वरूपाची मिळाली तर सेवेत राहून उच्च शिक्षणासाठी रजा किंवा प्रतिनियुक्तीचे नियम काय आहेत, याची रुजू होतानाच आस्थापना शाखेत विचारणा करून ठेवावी. ही चौकशी उशिरा केल्यामुळे अडकलेल्या दोघी-तिघी माझ्याकडे येऊन गेल्या आहेत. आणि एखाद्या संध्याकाळी आपण स्वतः तिला त्या वहीतला कोणताही एक प्रश्न वाचून दाखवायला सांगा. ‘असे का होते’ याच्यापुढे जाऊन ‘हे कसे मोजता येईल’ असे तिने कुठे लिहिलेले आढळले, तर ते मला पुढच्या पत्रातून अवश्य कळवा. कोणत्या मार्गदर्शकांकडे जावे हे मग अधिक नेमके सांगता येईल.