खरं पेव कुणी पाहिलंय का? आतून कसं असतं?

हो, मी पाहिलंय, आत उतरूनसुद्धा. एखादी गोष्ट एकदम फार वाढली की 'पेव फुटलं' असं सगळेच बोलतात, पण आमच्या अंगणात खरंखुरं पेव आहे. मंगळवेढा तालुक्यातलं आमचं छोटं गाव, मुख्य पीक मालदांडी ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा इतका आनंद झाला होता!

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, घागरीसारखं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि खाली पोट मोठं. शेत काळीत पण पेव पांढरीत, म्हणजे गावठाणात, कारण काळी माती ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तळाला आणि कडेनं कडबा, भुसकट लावायचं, मग ज्वारी ओतायची, वर परत भुसकट, त्यावर दगडी फरशी आणि मातीनं लिंपून टाकायचं. आत हवाच खेळत नाही म्हणून किडे जगत नाहीत, पावडर वगैरे काही लागत नाही, ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. सांगलीजवळ हरिपूरला तर हळदीची पेवं होती, २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली.

उघडायचं मात्र फार जपून. तोंड उघडून बराच वेळ तसंच सोडायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा आणि तो विझला तर कुणीही उतरायचं नाही, कारण आत कोंडलेल्या हवेनं जीव जातो. प्लीज, कुठं जुनं पेव दिसलं तर नुसतं बघायला म्हणून उतरू नका. आमचं रिकामं होतं, दोन दिवस उघडं होतं, तरी काकांनी कंबरेला दोर बांधूनच मला सोडलं. आत गारवा आणि जुन्या कडब्याचा आंबूस वास, तो अजून आठवतो.

आज्जी सांगायची, ७२ च्या दुष्काळात पेव उघडलं आणि भावकीत, शेजारीपाजारी पायलीपायलीनं ज्वारी दिली, ती संपल्यावर मग रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना खुली करणारे दामाजीपंत मंगळवेढ्याचेच, त्यांची गोष्ट ती दरवेळी याच्या जोडीनंच सांगायची.

आता ज्वारी पत्र्याच्या कोठीत असते. मागच्या वर्षी अंगणात फरशी बसवली तेव्हा पेवाच्या तोंडावरचा दगड मी हट्टानं तसाच उघडा ठेवायला लावला.