चौथ्या शीलापासून सुरुवात कर

विहारात त्रिसरण-पंचशील म्हणायला लागलास, फार बरं वाटलं. आता एक सांगतो, पाचही शीलांवर एकदम जोर देऊ नकोस. चौथं धर, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहणं. (पाचवं शील, दारूचं, मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं ठेव. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.) खोटं दिवसातून कितीदा सहज तोंडून निघून जातं. घरातच बसून फोनवर "निघालोय, रस्त्यात आहे" म्हणतो आपण. रिक्षाभाड्याचं बिल वाढवून लावणं तर खोटंही आणि चोरीही.

बुद्धांनी अंबलट्ठिका या ठिकाणी आपल्या मुलाला, राहुलला केलेला उपदेश इथे फार कामाला येतो. काही करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासायचं, यात मला, दुसऱ्याला की दोघांनाही त्रास आहे? आधीच दिसलं तर करू नकोस. मध्येच लक्षात आलं तर तिथेच सोड. बोलून-करून झालं असेल तर जाणत्या माणसाजवळ उघड सांग. हे शेवटचं सगळ्यात जड जातं आणि माझ्या मते खरा बदल तिथूनच होतो.

साहेबांनी कागदावर मागची तारीख टाकायला सांगितली तर वाद घालू नकोस. "आजचीच टाकतो साहेब, उशिराचं कारण खाली लिहितो," एवढं शांतपणे म्हण. पण खरं बोलायचं म्हणून कुणाच्या वर्मावर बोट ठेवू नकोस, सम्यक वाचेत, म्हणजे अष्टांगिक मार्गातल्या योग्य बोलण्यात, कठोर बोलणं आणि चहाडीही वर्ज्य आहे. कुठे अडलंच तर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात तेव्हा, भन्तेजींना विचार.